दोन जीबीची वेस

पेनड्राइव्हवर मोठा सिनेमा कॉपी करायला जावं, तर जागा मोकळी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून संगणक कधी कधी हात वर करतो. तिथे बहुधा फॅट३२ पद्धत असते. तिच्यात फाइलचा आकार लिहायला चारच बाइट राखलेले आहेत आणि चार बाइटांत चार जीबीचा आकडा मावत नाही.

लिनक्सचं घोडं निम्म्यावरच अडायचं. नव्वदच्या दशकात ३२ बिटी संगणकांवर फाइल २,१४,७४,८३,६४७ बाइटांपुढे, म्हणजे दोन जीबीच्या उंबऱ्यापुढे, जाईना. डीव्ही कॅमेऱ्यातलं चित्रण उतरवून घेताना एवढी फाइल दहाएक मिनिटांत भरते. आकड्याला बाइट चारच, पण एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हात जायचा. ती उधळपट्टी नव्हती: फाइलमध्ये मागे सरकायला उणे आकडा लागतो, आणि काम फसलं की युनिक्स उणे एक परत करतं.

मग आकडा आठ बाइटांचा करा की! मेमरीत ते जमतं, डिस्कवर जमत नाही. ईएक्सटी२ या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलचा १२८ बाइटांचा आयनोड असतो. तो फाइलचा सातबाराच: मालक कोण, क्षेत्र किती, माल कुठल्या ब्लॉकमध्ये. सुरुवातीचे चार बाइट सोडले की आकाराचा रकाना येतो आणि त्याला खेटूनच पुढचा. आकाराचा रकाना रुंद केला असता तर बाकीचे रकाने सरकले असते आणि आधीच भरलेल्या डिस्क वाचता आल्या नसत्या.

यावरचा तोडगा मला फार आवडतो. १०८ बाइट सोडून पुढे एक रकाना डिरेक्टरीच्या कामासाठी राखलेला होता. साध्या फाइलींत तिथे शून्यच असे. आकड्याचा वरचा अर्धा भाग तिथे नेऊन ठेवला. एकच आकडा दोन तुकड्यांत, मध्ये शंभर बाइट. दिसायला ओंगळ आहे खरं, पण ईएक्सटी४ मध्येही तेच चालू आहे.

तुकडे जोडताना गोम असते. वरचा तुकडा ३२ घरं डावीकडे सरकवून खालच्यात मिसळायचा. त्याआधी त्याला ६४ बिटी करून घ्यायला विसरलात, तर निकाल काय यावा हे सी भाषेने ठरवलेलंच नाही. तुकडा जागचा हलतच नाही, असंही घडतं. लहान फाइलींचा वरचा तुकडा शून्य असल्याने त्या बिनचूक दिसतात. चाचणी पास होते आणि चूक तशीच दडून राहते.

जुन्या कर्नलचाही, म्हणजे लिनक्सच्या जुन्या गाभ्याचाही, बंदोबस्त करावा लागला. त्याला पाच जीबीची फाइल एक जीबीची दिसली असती आणि त्याच समजुतीवर त्याने तिच्यात लिहिलंही असतं. म्हणून दोन जीबीपलीकडची पहिली फाइल तयार होताच सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे अख्ख्या फाइल सिस्टिमच्या नोंदीत, एक खूण केली जाते. ती न ओळखणारा कर्नल डिस्क नुसती वाचू शकतो, लिहू शकत नाही.

प्रोग्रामांबाबतही तोच कडकपणा. जुन्या पद्धतीचा प्रोग्राम मोठी फाइल मागायला आला, तर चुकीचा आकार सांगण्यापेक्षा कर्नल ती उघडूच देत नाही. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्स २.४ ने ३२ बिटी संगणकांवर मोठ्या फाइलींची सोय रुळवली. तरीही असे प्रोग्राम नव्या आठ बाइटी आकड्यासाठी पुन्हा कंपाइल करावे लागले, आणि ज्यांचा सोर्स कोडच हाताशी नव्हता, त्यांना दोन जीबीपुढची फाइल उघडताच आली नाही.