फवाऱ्याच्या टाकीतील समांगी व विषमांगी मिश्रणे

मिठाच्या पाण्याचा वरचा घोट आणि तळचा घोट चवीला सारखाच लागतो. तसे चुना कालवलेल्या पाण्याचे नसते. घटकाभर न हलवता ठेवले की चुना तळाशी बसतो. पहिल्या प्रकारास समांगी, तर दुसऱ्यास विषमांगी मिश्रण म्हणतात. हा भेद पुस्तकी वाटला तरी फवारणीच्या वेळी तो न ओळखल्यास औषध वाया जाते आणि पीकही हातचे जाते.

बोर्डो मिश्रणाचेच उदाहरण घ्यावे. द्राक्षावरील केवडा रोगासाठी फ्रान्समधील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ साली ते प्रसिद्धीस आणले. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवितात. हे निळे पाणी समांगी असते. रात्रभर ठेवले तरी त्यात गाळ बसत नाही. १ किलो कळीचा चुना विरवून, उरलेल्या ५० लिटर पाण्यात कालवून गाळून घेतात. नंतर दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळतात. भांडी मातीची अथवा प्लास्टिकची असावीत. लोखंडी भांड्यास मोरचूद खातो. तयार झालेले फिकट निळे मिश्रण मात्र विषमांगी असते. पानावर बसून रोग रोखतात ते त्यात तरंगणारे सूक्ष्म कणच.

हे कण पंपात खाली बसू लागतात. पंप तळातून ओढत असल्याने पहिल्या वेलींवर दाट मिश्रण पडते, तोटीही तुंबते आणि शेवटच्या वेलींवर जवळजवळ नुसते पाणी जाते. रोगास तेवढी एक ओळ पुरते. म्हणून फवारणी चालू असेतो मिश्रण ढवळत राहावे. शिळ्या मिश्रणातील कण जाड होऊन पानास नीट चिकटत नाहीत, यास्तव ते त्याच दिवशी संपवावे. घासलेला लोखंडी चाकू त्यात क्षणभर बुडविला असता तांबूस थर चढल्यास मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजावे व आणखी चुन्याचे पाणी घालावे, अन्यथा पाने करपतात.

युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो. त्यास एकदा ढवळणे पुरे. पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाच्या भुकटीस बोर्डोचाच नियम लागू पडतो. काही कीटकनाशके पाण्यात पडताच दुधासारखी पांढरी होतात. हे तेलाचे बारीक थेंब होत, आणि दुधाप्रमाणेच हेही मिश्रण विषमांगी असते. ढवळल्यानंतरही तेलाचा थर वेगळा तरंगू लागल्यास ते औषध फवारू नये.