सुंता : सही करण्याआधी

आजचा विषय घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

माझा मुलगा आणि सून अमेरिकेत असतात. नातू जन्मला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "बाबा, हॉस्पिटलवाले विचारताहेत, बाळाची सुंता करायची का? उद्या घरी सोडणार आहेत." मी ताडकन म्हणालो, "छे! आपल्यात कुठं असतं ते?" फोन ठेवल्यावर वाटलं, हे उत्तर होतं की नुसती सवय?

आपल्याकडे सुंता म्हटलं की आधी धर्म आठवतो. १९४७च्या फाळणीत आणि १९७१ साली पूर्व पाकिस्तानात लोकांचे कपडे उतरवून, सुंता झाली आहे की नाही ते पाहून कुणाला मारायचं ते ठरवलं गेलं. त्यामुळे या विषयावर आपलं डोकं लवकर थंड राहत नाही. मुसलमानांत आणि ज्यूंमध्ये ही श्रद्धेची बाब आहे. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल, ज्यांना लोक शनिवार तेली म्हणत, तेही आठव्या दिवशी मुलाची सुंता करत आले. पण अमेरिकेतल्या त्या फॉर्मवर धर्माचा प्रश्नच नव्हता. तिथं तो वैद्यकीय रिवाज आहे.

सैन्यात निर्णयाआधी आम्ही 'अप्रिसिएशन' करतो. उद्दिष्ट काय, बाजूचं काय, विरुद्ध काय, मार्ग किती. तसंच इथं करू.

आधी फायदे. सुंता केलेल्या बाळांत लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग कमी होतो. पण निरोगी मुलग्यांत पहिल्या वर्षी तो मुळातच शंभरात साधारण एकाला होतो. म्हणजे एक संसर्ग टाळायला सुमारे शंभर सुंता. दुसरा फायदा एचआयव्हीचा. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण निम्म्याहून कमी झाली. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली, जिथं ही साथ मोठी आहे तिथं सुंतेची शिफारस केली. पण हा फायदा तारुण्यातला. तेव्हा मुलगा स्वतः ठरवू शकतो. मोठेपणी शस्त्रक्रिया थोडी मोठी होते, हेही खरं.

आता धोके. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, कातडी कमी-जास्त कापली जाणं. प्रशिक्षित हातांत गंभीर प्रकार क्वचितच घडतात. बाळाला दुखतं, म्हणून जागा बधिर करायलाच हवी. आईच्या माहेरी, मामाला वगैरे, हिमोफिलिया असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर सुंता करू नये. पुढं दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेला तीच कातडी लागते.

आता भारतातल्या आईबापांसाठी. नवजात बाळाची कातडी आतून चिकटलेलीच असते. ब्रिटनमधले डॉक्टर गेअर्डनर यांनी १९४९ साली दाखवलं की ती हळूहळू आपोआप सुटते. काही मुलांत त्याला वयात येईपर्यंत वेळ लागतो. म्हणून दोन वर्षांच्या मुलाची कातडी मागे जात नाही, एवढंच सुंतेचं कारण होत नाही. मालिशवाल्या बाईला किंवा आजीला ती ओढू देऊ नका. ओढल्यानं जखम होते आणि व्रण राहून खरोखरच आवळते. वारंवार सूज येत असेल, लघवीला अडथळा होत असेल, टोकाला पांढरट कडक व्रण दिसत असेल तर बालशल्यचिकित्सकाला दाखवा. पुष्कळदा आधी मलम देऊन पाहतात. मागे गेलेली कातडी अडकून बसली तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठा.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ साली म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण प्रत्येक बाळाला शिफारस करण्याइतके नाहीत. आईवडिलांनी ठरवावं.

मी मुलाला पुन्हा फोन केला. म्हटलं, "मघाचं माझं बोलणं सोडून दे. डॉक्टरांना दोन प्रश्न विचार. आज करण्याचं काही वैद्यकीय कारण आहे का? आणि आज नाही केलं तर बाळाचं काही नुकसान आहे का?" दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं. दोघांनी मिळून 'नको' लिहिलं.

निर्णय माझ्या पहिल्या उत्तरासारखाच निघाला. फरक इतकाच की आता त्याला कारण होतं, आणि तो घेतला होता बाळाच्या आईवडिलांनी. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. श्रद्धेनं करणार असाल तर जरूर करा, पण बधिर करून, निर्जंतुक जागी, जाणकार डॉक्टरकडूनच करा.

जय हिंद.