प्रवासी आला कोठून?

ठाणे स्थानकावर उतरणारे प्रवासी नुसते मोजले, तर गर्दी किती, एवढेच कळते. ती कोठून आली, हे तिकिटांवरून समजते. परंतु तिकीट तरी सारे सांगते काय? मुरबाडला रेल्वे नाही. तेथील शेतकरी एस. टी.ने कल्याणला येतो आणि तेथे तिकीट काढतो. त्यावर मुरबाडचे नावही नसते! केवळ तिकिटे पाहून सोयी आखल्या, तर मुरबाडकरांची अडचण कोणाच्या ध्यानी येणार?

संगणकावरील संकेतस्थळाचेही असेच आहे. वाचक कोणत्या संकेतस्थळावरून आला, याची नोंद अनेकदा मिळते; त्यापूर्वीची वाट तीत नसते. मुलांनो, नोंद खरी असते; पण ती बहुधा प्रवासाच्या शेवटच्या टप्प्याचीच असते. म्हणून पुढचा प्रश्न माणसालाच विचारावा : “आपण मूळचे कोठले?”