पिनिसी : शिडाखाली मुक्काम, प्रवाळात मुशाफिरी

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या दक्षिण टोकाला, बुलुकुम्बा जिल्ह्यात ताना बेरू नावाचं गाव आहे. तिथल्या पुळणीवर समुद्राकडे तोंड करून लाकडी जहाजं उभी राहत असतात. कोंजो जमातीचे सुतार पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले, तेही कागदावरच्या आराखड्याशिवाय. आधी कणा टाकायचा, मग त्याच्या दोन्ही अंगांनी फळीवर फळी चढवत जहाजाचं पोट घडवायचं. फळ्या एकमेकींना लाकडी खुंट्यांनी जोडतात. सांध्यात झाडाची मऊ साल भरतात. पाणी लागलं की ती फुगते आणि फट बुजते. आतल्या फासळ्या त्यानंतर बसतात. युरोपात आधी सांगाडा आणि मग फळ्या अशी रीत होती, इथे ती बरोबर उलटी आहे. म्हणजे जहाजाचा आकार ठरतो तो सुताराच्या नजरेत. पोटासाठी उलिन नावाचं लोखंडासारखं कठीण लाकूड वापरतात आणि डेकसाठी बऱ्याचदा ‘जाती’. जाती म्हणजे आपला साग.

कणा टाकताना त्याच्या दोन्ही टोकांचे तुकडे कापतात. पुढचा तुकडा समुद्राला अर्पण करतात, मागचा घरी जपून ठेवतात: जहाज दूर जावं आणि परतही यावं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या कोळीवाड्यांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

या जहाजांना आज जग पिनिसी म्हणून ओळखतं. खरं तर पिनिसी हे शिडांच्या मांडणीचं नाव आहे. दोन डोलकाठ्या आणि सात शिडं: नाळेवर तीन तिकोनी, दोन मोठी, आणि त्या दोन्हींच्या माथ्यावर एकेक लहान. मोठं शीड वर ओढून चढवायचं नसतं. वरची तिरपी काठी कायम जागेवर असते आणि शीड तिच्याखाली पडद्यासारखं सरकवून उघडतात. त्यामुळे थोडक्या खलाशांत मोठं जहाज चालतं, आणि मालवाहू धंद्यात हाच मोठा फायदा होता. लाकूड, तांदूळ, खोबरं, सिमेंट असा सगळा माल बेटाबेटांवर या जहाजांनी पोचवला. १९७० च्या दशकापासून इंजिनं बसू लागली, डोलकाठ्या आखूड झाल्या, शीड नावापुरतं उरलं. १९८६ मध्ये ‘पिनिसी नुसंतारा’ हे जहाज पॅसिफिक ओलांडून व्हँकुव्हरच्या जागतिक प्रदर्शनाला गेलं, तेव्हा देशाला त्याचा अभिमान वाटला. पण किनाऱ्यावरचा शिडाचा धंदा तोवर मावळतीला लागला होता.

त्याला दुसरं आयुष्य दिलं ते पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांनी. कोमोडो, बांदा समुद्र, राजा अम्पात इथली बरीच प्रवाळं गावांपासून, हॉटेलांपासून फार दूर आहेत. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणं तिथे शक्य नाही, जहाजावरच राहावं लागतं. लिव्हअबोर्ड म्हणतात तो हाच प्रकार: आठ-दहा दिवस जहाज हेच घर आणि स्कुबाचं केंद्रही. जिथे पोती रचली जायची तिथे खोल्या झाल्या, डेकवर काँप्रेसर आणि सिलिंडरांच्या रांगा आल्या. ताना बेरूला पुन्हा गिऱ्हाईक मिळालं. २०१७ मध्ये युनेस्कोने दक्षिण सुलावेसीची ही जहाजबांधणी मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पण यादीत नाव आल्याने सुताराची चूल पेटत नाही. ती पेटली नव्या जहाजांच्या मागणीने, आणि मला या साऱ्या कहाणीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

अंबरनाथमध्ये बसून हे लिहिण्याला कारण आहे. आपल्या गावातून समुद्र दिसत नाही, म्हणून आपलं त्याच्याशी नातं नाही असं आपण धरून चालतो. शके ९८२ म्हणजे १०६० चा शिलालेख असलेलं आपलं शिवमंदिर ज्या शिलाहारांनी बांधलं, त्यांचं राज्य उत्तर कोकणच्या बंदरांवर पोसलेलं होतं. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या युद्धनौकांची रांग कोरलेली आहे. शिलाहार-यादवांच्या लढाईशी ती जोडली जाते. बदलापूरवरून वाहत येणारी उल्हास नदी पुढे कल्याणच्या खाडीत उतरते. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर लवकरच या खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. आणि आजही नौदलासाठीची सामग्री संशोधन प्रयोगशाळा, एनएमआरएल, आहे ती अंबरनाथमध्येच. खाऱ्या पाण्यात धातू कसा टिकवायचा, जहाजाच्या तळावर शेवाळ-शिंपले बसू नयेत म्हणून कसला रंग द्यायचा, पाणबुडीला पाण्याखाली जास्त काळ राहता यावं म्हणून इंधनघट कसे करायचे, हे काम डोंगरांच्या कुशीतल्या या गावात चालतं.

पिनिसीवरचा दिवस पहाटे सुरू होतो. चहा-बिस्किटं झाली की फळ्यावर काढलेला नकाशा पुढे ठेवून डाइव्हमास्टर सांगतो: कुठे उतरायचं, प्रवाह कुठून कुठे आहे, किती खोल जायचं, हवा किती उरली की वर निघायचं. मग लहान होडीतून प्रवाळाच्या कडेशी जायचं, तोल मागे टाकून पाण्यात पडायचं. पाऊण-एक तासाने वर आल्यावर नाश्ता. पुन्हा दुसरा डाइव्ह, जेवण, झोप, तिसरा, आणि अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन चौथा. रात्री जेवताना जहाज पुढच्या बेटाकडे निघालेलं असतं. दिवसभराच्या सहलीत ही चैन नाही. तिथे अर्धा वेळ होडीच्या प्रवासात जातो आणि उलटीही होते. इथे सकाळी डोळे उघडले की प्रवाळ खालीच असतं.

कोमोडोतलं पाणी मात्र सोपं नाही. पॅसिफिकचं पाणी बेटांच्या फटींतून हिंदी महासागराकडे ढकललं जातं, त्यामुळे सामुद्रधुन्यांत नदीसारखे प्रवाह असतात. तेच प्रवाह खाद्य आणतात, म्हणून मँटा नावाचे मोठे वाघळी मासे तिथे जमतात आणि अंग साफ करून घ्यायला ठराविक खडकांवर घिरट्या घालतात. राजा अम्पातमध्ये केप क्री नावाची जागा आहे. गेराल्ड ॲलन या मत्स्यशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये तिथे एकाच डाइव्हमध्ये माशांच्या ३७४ जाती मोजल्या. साधारण एप्रिल ते नोव्हेंबर कोमोडो आणि ऑक्टोबर ते एप्रिल राजा अम्पात असा हंगाम असतो, आणि बरीच जहाजं वाऱ्याचा कल बघून या दोन्हींमध्ये ये-जा करतात.

खरं सांगायचं तर, बहुतेक पिनिसी आज इंजिनावरच चालतात. शिडं उघडतात ती वारा बरा असेल तेव्हा, पाहुण्यांच्या आनंदासाठी. आणि लाकडी जहाजाला आगीचं भय मोठं. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ‘कन्सेप्शन’ या स्कुबा जहाजाला आग लागून ३४ जणांचा जीव गेला. ती पिनिसी नव्हती, पण लाकडी सांगाड्याचीच होती. जीव गेलेले सगळे डेकखालच्या खोलीत झोपले होते, बाहेर पडायचे दोन्ही मार्ग वरच्या एकाच दालनात उघडत होते, आणि रात्री फिरता पहारा नव्हता. कोणत्याही लिव्हअबोर्डवर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: रात्री पहाऱ्याला कोण, खालून निघायला दुसरी वाट कुठे, आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या कुठे चार्ज होतात. सलग काही दिवस डाइव्ह केले की विमानात बसण्याआधी निदान १८ तास थांबायचं असतं, हेही परतीचं तिकीट काढण्याआधी लक्षात हवं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. अंबरनाथहून दिव्यापर्यंत लोकल, तिथून सावंतवाडीची गाडी, कुडाळला उतरून तारकर्ली. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कुबा डायव्हिंग अँड ॲक्वाटिक स्पोर्ट्स ही संस्था आहे. मालवणात हात धरून दहा-पंधरा मिनिटं पाण्याखाली नेऊन आणतात ते वेगळं. या संस्थेत रीतसर शिकता येतं: आधी तरणतलावात, मग समुद्रात. नौदलातून निवृत्त झालेलं ‘गुलदार’ हे जहाजही फेब्रुवारी २०२५ मध्ये महामंडळाच्या हाती आलं. निवती खडकाजवळ ते तळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं, अशी योजना आहे.

पण कोकणचं खरं लिव्हअबोर्ड ठिकाण याहून दूर आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, चहूकडे खोल दर्या असताना, समुद्रात एक सपाट माथ्याचा डोंगर उभा आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीस-पंचवीस मीटरवर आणि त्यावर जिवंत प्रवाळ. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. किनाऱ्यापासून लांब असल्यामुळे नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही, पाणी नितळ राहतं. केंद्रीय संस्थेच्या ‘सागर संपदा’ या संशोधन जहाजावरून शास्त्रज्ञांनी तिथे मुक्कामी राहून पाहणी केली आहे.

सामान्य डाइव्हरला तिथे जायचं तर काय लागेल? पहिल्या पायरीचा, म्हणजे ओपन वॉटरचा परवाना १८ मीटरपर्यंतचा असतो; म्हणजे माथ्यालाही हात लागत नाही. ३० मीटरपर्यंतचं पुढचं प्रशिक्षण हवंच. साध्या हवेवर २५ मीटरला अर्ध्या तासाहून कमीच वेळ मिळतो. नांगर टाकायला आसरा नाही. काही बिघडलं तर उपचाराच्या दाबकक्षासाठी नौदलाच्या रुग्णालयापर्यंत यावं लागेल. म्हणून ही जागा गर्दीची नाही आणि होऊही नये. चारशे माणसांची क्रूझ तिथे नेण्याची कल्पनाही मला असह्य वाटते. बारा-चौदा शिकलेली माणसं, एक तांडेल, एक डॉक्टर आणि शिडाचं जहाज, एवढंच तिथे शोभेल. पाच नॉटच्या चालीने विजयदुर्गहून हे अंतर एका रात्रीचं आहे. हिवाळ्यात रात्री किनाऱ्याजवळ मतलई वारा जमिनीकडून दर्याकडे वाहतो आणि दुपारनंतर दर्यावरून खारा वारा परत येतो. आपले पडाव आणि गलबतं याच ये-जा करणाऱ्या वाऱ्यावर चालली.

जहाज बांधणारे हात आपल्याकडे नाहीत असंही नाही. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात एक शिवलेलं जहाज बांधलं गेलं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी यांनी काथ्याच्या दोरांनी फळ्या शिवल्या, सांध्यांना नैसर्गिक राळ लावली. मे २०२५ मध्ये नौदलाने त्याला ‘कौंडिण्य’ नाव देऊन सामावून घेतलं आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून ते शिडांवर मस्कतला पोचलं. तिकडे कच्छमधल्या मांडवीला आणि केरळातल्या बेपूरला अजून मोठी लाकडी जहाजं बांधली जातात. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी भरती-ओहोटी बघत तशीच पडून आहे.

कौंडिण्यसारख्या जहाजाचं मोल मोठं, पण असं एकच जहाज बांधून सुतारकी टिकत नाही. ताना बेरूच्या सुताराला दरवर्षी नवं काम मिळतं, कारण कुणीतरी त्या जहाजावर आठवडाभर राहायला पैसे देतं. कोकणात हे घडवायचं तर आधी आंग्रिया बँकेवर नांगराऐवजी कायमचे बोये बसवावे लागतील, वर्षाला किती माणसं न्यायची याची मर्यादा ठरवावी लागेल, आणि मासेमारी करणाऱ्या गावांना विचारून, त्यांच्यातलेच तांडेल आणि खलाशी घ्यावे लागतील. प्रवासी वाहून नेणाऱ्या लाकडी शिडाच्या जहाजासाठी परवान्याचे नियम सुटसुटीत करावे लागतील. आगीचे मात्र कडक. एवढं झालं, तर पहिलं जहाज बेपूरच्या सुतारांकडून बांधून घ्यायला दोन-तीन वर्षं पुरतील. आणि तोवर अंबरनाथ-बदलापूरच्या पोरांनी तारकर्लीला जाऊन ३० मीटरचा परवाना काढून ठेवावा.