आठ दिवस उभी असलेली पद्मिनी आणि चार संशयित

प्रीमियर पद्मिनी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची, मुंबईकरांनी काळी-पिवळी म्हणून आयुष्यभर पाहिलेली गाडी. टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, पण हौसेने सांभाळलेल्या खासगी पद्मिनी अजून आहेत. त्यांच्या मालकांची एक तक्रार जवळजवळ ठरलेली: रोज चालवली तर पहिल्या सेल्फला उठते, आठ दिवस उभी राहिली की सेल्फ मारून मारून जीव जातो. एकदा उठली की मग दिवसभर काही त्रास नाही.

पुढे काय होतं तेही ठरलेलं. मेकॅनिक प्लग बदलतो, पॉइंट घासतो, बॅटरी चार्जिंगला लावतो, कार्बोरेटर साफ करतो. सगळं एकाच दुपारी. गाडी उठते, पैसे दिले जातात, आणि पुढच्या वेळी आठ दिवसांनी पुन्हा तेच. आपल्या भाषेत सांगायचं तर चार चलं एकदम बदलली, परिणाम मिळाला, आणि श्रेय कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही. मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी 'कन्फाउंडिंग'ची व्याख्या पाठ करत असाल तर हे उदाहरण जास्त लक्षात राहील.

आधी तक्रार नीट वाचू, कारण निम्मं उत्तर तिच्यातच आहे. गाडी रोज सकाळी थंड असतानाही उठते. म्हणजे प्रश्न थंडपणाचा नाही, उभं राहण्याचा आहे. मग असं विचारायचं: उभं राहिल्याने काय बदलतं? प्लगमधलं अंतर बदलत नाही, टायमिंग बदलत नाही. (पावसाळ्यात दमट हवेने डेल्कोच्या टोपीत ओल धरते, तो अपवाद.) बदलतात त्या चार गोष्टी: फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल, टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतलं पेट्रोल, टाकीतल्या पेट्रोलचा दर्जा आणि बॅटरीचा चार्ज. हे आपले संशयित.

कार्बोरेटरला पेट्रोल मिळतं ते फ्लोट चेंबर नावाच्या छोट्या वाटीतून. ही वाटी हवेला उघडी असते, त्यामुळे पेट्रोल हळूहळू उडत राहतं. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक 30-35 अंशांच्या आसपासच उकळू लागतात, जड घटक 200 अंशांच्या जवळ. आधी उडतात ते हलके, आणि थंड इंजिन पेटवायला नेमके तेच लागतात. शिवाय वाटीतली पातळी खाली गेली की पेट्रोल जेटमधून वर ओढायला जास्त खेच लागते. सेल्फवर फिरणारं इंजिन ती देऊ शकत नाही, म्हणून तर चोक असतो. पण वाटीच कोरडी असेल तर चोक ओढून काय उपयोग?

वाटी पुन्हा भरतो तो कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप. कॅमशाफ्ट इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो. सेल्फवर इंजिन मिनिटाला 150 फेरे घेतं असं धरा: 10 सेकंदांत 25 फेरे, म्हणजे पंपाचे जेमतेम 12 ठोके. त्यात नळी रिकामी होऊन पेट्रोल मागच्या टाकीकडे उतरलं असेल तर सुरुवातीचे ठोके नुसती हवा ओढण्यात जातात.

आता यातला सापळा. वाटी रिकामी म्हणून सेल्फ लांबतो. सेल्फ लांबला की बॅटरी दमते, व्होल्टेज पडतं, आणि त्याच बॅटरीवर चालणाऱ्या कॉइलची ठिणगी अशक्त होते. शेजारच्या गाडीवरून जंपर लावला की इंजिन जोरात फिरतं, पंप वाटी भरतो, गाडी उठते. निष्कर्ष निघतो: बॅटरी खराब. उपाय लागू पडला हे खरं, पण त्याने मूळ कारण सापडलं नाही. बॅटरी इथे साखळीतली मधली कडी होती. थिसिसमधले कितीतरी 'परिणामकारक उपाय' याच जातीचे असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

हल्ली सगळा दोष 20 टक्के इथेनॉलवर टाकायचीही पद्धत आहे. त्यात तथ्य आहे: इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि हवा-इंधनाचं योग्य प्रमाण 14.7 वरून साधारण साडेतेरावर येतं, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. पण मग गाडीने रोज सकाळी त्रास द्यायला हवा. तो नाही, त्यामुळे एकट्या इथेनॉलवर आरोप टिकत नाही. जुनं रबर खराब करून ते पंपाला अधू करत असेल, तो वेगळा आणि तपासण्याजोगा दावा आहे.

तपासायचं कसं? पहिली चाचणी फुकट आहे. आठ दिवसांनी, सेल्फ न मारता, एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या घशात पाहत ॲक्सिलरेटर हाताने दाबायचा. पेट्रोलची बारीक धार दिसली तर वाटीत पेट्रोल आहे. कोरडं दिसलं तर वाटी रिकामी असावी, किंवा ती धार मारणारा छोटा पंपच बिघडलेला असावा. म्हणून हीच चाचणी गाडी चालवून नुकतीच बंद केल्यावरही करायची. हा झाला पॉझिटिव्ह कंट्रोल.

दुसरी चाचणी धीराची. वाटी हाताने भरलेली किंवा न भरलेली, बॅटरी पूर्ण चार्ज केलेली किंवा न केलेली: चार जोड्या, प्रत्येकीला आठ दिवस. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि गाडी किती सेकंदांत उठेल याचा अंदाज आधी वहीत लिहा. वाटीच कारण असेल तर भरलेली वाटी आणि तशीच ठेवलेली बॅटरी या जोडीत गाडी दोन-तीन सेकंदांत उठायला हवी. पूर्ण चार्ज आणि रिकामी वाटी या जोडीत ती उठेल, पण रेंगाळून. वाटी भरायला अनेक पंपांना हाताने हलवायची पट्टी असते. ती नसेल तर इंजिन थंड असताना वाटीच्या हवेच्या छिद्रातून सिरिंजने भरा, सांडलेलं पुसा आणि सेल्फ मारण्याआधी फिल्टर परत बसवा. बॅकफायर झाला तर ज्वाळा घशातून वर येते.

वाटी दोषी ठरली तरी पेट्रोल गेलं कुठे हा प्रश्न उरतोच. एका रात्रीत रिकामी होत असेल तर बाष्पीभवनाला एवढी घाई नसते, कुठेतरी गळती शोधा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते इंजिनात उतरतंय, तशी गाडी चालवू नका. पंपाआधीचा पारदर्शक फिल्टर आठवड्याने रिकामा दिसला तर पंपाचा व्हॉल्व्ह किंवा तडकलेली नळी पाहा. यातलं काहीच नसेल आणि फक्त आठ दिवसांच्या उन्हाने वाटी सुकत असेल, तर गाडीत बिघाड नाही. पंपाची पट्टी दहा-पंधरा वेळा हलवा, चोक ओढा आणि सेल्फ मारा.