क्रमवारी बघा, पत्ताही बघा

बारामती-इंदापूरकडची पोरं बी.कॉम. झाली की फायनान्समधल्या एमबीएसाठी आधी ‘एनआयआरएफ’ची यादी उघडतात. 2016 पासून निघणाऱ्या या सरकारी क्रमवारीत संशोधन आणि व्यावसायिक कामाला 30 टक्के गुण आहेत. प्राध्यापकांच्या शोधनिबंधांमुळे तुम्हाला मुलाखतीचं बोलावणं येईलच असं नाही. म्हणून संस्थेचा पत्ताही बघा. मुंबईत चर्चगेटचं जमनालाल बजाज मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट (स्थापना 1965) शेअर बाजाराच्या दलाल स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सेबी, एनएसई त्याच शहरात, वांद्रे-कुर्ला संकुलात. इंटर्नशिपला हा शेजार उपयोगी पडतो. पण भवानीनगर किंवा माळेगावच्या साखर कारखान्यात एफआरपीची (उसाच्या रास्त दराची) देणी, साखरेवरचं मालतारण कर्ज हेच सांभाळायचं असेल, तर मुंबईचं भाडं कशाला भरायचं? प्लेसमेंटचा ‘सरासरी’ पगार मात्र कुठेही जपून वाचा. एकदोन गलेलठ्ठ पॅकेजांनी तो फुगतो. मध्यक किती, ते विचारा.