नर्सिंगच्या तीन वाटा आणि एक नोंदणी

नर्सिंगच्या शिक्षणात शिरण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत: एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) आणि बी.एस्सी. नर्सिंग. तिन्हींना आज किमान बारावी लागते. धुळे-जळगाव महामार्गावरच्या पारोळ्यातून या शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्याला एका बाजूला धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दुसऱ्या बाजूला 2018 साली सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. खाजगी नर्सिंग महाविद्यालयेही आता खानदेशात आहेत. म्हणजे शिकण्याची सोय दूर राहिलेली नाही. कोणती वाट कुठे पोहोचवते हे आधी समजून घेणे मात्र गरजेचे आहे.

एएनएम हा दोन वर्षांचा आणि फक्त मुलींसाठी असलेला अभ्यासक्रम. बारावी कला शाखेची असली तरी चालते. गरोदर मातांची तपासणी, प्रसूती, बालकांचे लसीकरण, कुटुंबनियोजन, साथीच्या आजारांवर लक्ष असा त्याचा भर गावाच्या आरोग्यावर आहे. गावात जिला ‘सिस्टर’ म्हणतात, ती उपकेंद्राची आरोग्यसेविका याच वाटेने आलेली असते. सपाटीवर साधारण 5,000 आणि आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांतल्या सातपुड्याच्या पाड्यांवर तर आजारी माणसाची पहिली गाठ तिच्याशीच पडते. या अभ्यासक्रमाला ‘लहान’ समजण्याची पद्धत आहे, ती चुकीची आहे.

जीएनएम तीन वर्षांचे. बारावीला किमान 40 टक्के गुण आणि इंग्रजीत उत्तीर्ण असणे आवश्यक. विज्ञान शाखेला प्राधान्य असले तरी इतर शाखांना दार बंद नाही. मुलांनाही प्रवेश मिळतो. वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, अतिदक्षता विभाग, प्रसूतिकक्ष, मनोरुग्ण विभाग अशा सगळ्या ठिकाणी विद्यार्थ्यांना ड्युटी करावी लागते आणि शेवटच्या वर्षात इंटर्नशिप असते. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला बारावी विज्ञान, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. खुल्या गटासाठी 45 टक्के गुणांची अट आहे. प्रवेश परीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो आणि पदवी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते.

बारावी कला शाखेने उत्तीर्ण झालेल्या मुलीला पदवी कायमची हुकली असे मात्र नाही. जीएनएम करून नोंदणी झाली की दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. घरची ओढाताण असलेल्या अनेक मुली आधी नोकरी धरतात आणि मग या मार्गाने पदवी घेतात.

या तिन्ही वाटा एका ठिकाणी मिळतात, ते म्हणजे मुंबईतील महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी. ती नसेल तर कायद्याने कोणी परिचारिका ठरत नाही, सरकारी भरतीचा अर्जही भरता येत नाही. आणि नेमकी इथेच तालुक्याच्या गावातल्या पालकांची फसगत होते. ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘बेडसाइड असिस्टंट’ अशा नावांनी सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे कोर्स चालतात. त्यातून दवाखान्यात मदतनीसाचे काम मिळेलही, पण परिषदेत नोंदणी होत नाही. म्हणून फी भरण्यापूर्वी भारतीय परिचर्या परिषद आणि राज्य परिषद या दोन्हींच्या याद्यांत संस्थेचे नाव शोधावे. संस्थेला किमान 100 खाटांचे रुग्णालय आहे का, हेही प्रत्यक्ष जाऊन पाहावे. ही विद्या रुग्णाच्या खाटेजवळ शिकायची असते. सलाइन लावणे, श्वासाची लय ओळखणे, औषधाची मात्रा ताडून पाहणे हे रिकाम्या वॉर्डात कोणालाही येत नाही.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे. शासकीय संस्थांत शुल्क कमी असते, जागाही थोड्या. राखीव प्रवर्गांच्या शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य सरकारने 2024 मध्ये घेतला. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की हा लाभ जातो. त्यामुळे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांची वाट न पाहता घाईने जागा ‘पक्की’ करणे महागात पडते.

शासकीय रुग्णालयात पूर्वीच्या स्टाफ नर्सला आता अधिपरिचारिका म्हणतात. पुढे परिसेविका, अधिसेविका अशी बढती असते. ‘एम्स’मधील भरती नॉरसेट परीक्षेने होते आणि तिथे 80 टक्के जागा महिलांसाठी आहेत. पदवीनंतर एक वर्षाचा अनुभव घेऊन एम.एस्सी. करता येते, त्यात बालरोग, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य अशा शाखा आहेत आणि शिकवण्याकडे वळणाऱ्यांना ती उपयोगी पडते. परदेशी जायचे तर अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परीक्षा, जर्मनीसाठी जर्मन भाषेची बी-2 पातळी लागते. महाराष्ट्राने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे.

नोकरी कुठेही असो, परिषदेच्या नोंदणीचे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी या काळात कार्यशाळा व प्रशिक्षणांचे ठरावीक तास पूर्ण केल्याचे दाखवावे लागते.